फळीचं दुसरं टोक

मिस्त्रींना सगळी गल्ली 'गुण्या' म्हणे, अर्थात त्यांच्या पाठीमागे. गुण्या म्हणजे सुतार ज्याने काटकोन तपासतो ती लोखंडी पट्टी. मिस्त्री ती खिशात घेऊनच फिरत. कुणाकडे चहाला गेले तरी टेबलाच्या कोपऱ्याला गुण्या लावून बघायचे आणि "हं" म्हणायचे. त्या एका "हं"पायी एक मावसभाऊ कायमचा तुटला होता.

काम मात्र चोख. मिस्त्री करवत चालवत आणि बायको फळीचं दुसरं टोक धरी. लग्न झाल्यापासूनची ही वाटणी. काप सरळ गेला तर मिस्त्रींचा हात, वाकडा गेला तर "तू हललीस!" बाई बिचाऱ्या तसूभरही हलत नसत, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. पण ओरडल्याशिवाय मिस्त्रींना पुढचा काप सुचत नसे, आणि बाईही ते मनावर घेत नसत.

अलीकडे मात्र टोक खरोखरच हलायला लागलं होतं. बाई वेणी डाव्या हाताने घालत. वरचा डबा काढायला स्टूल ओढत. खांदा धरलाय असं त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही, आणि मिस्त्रींनीही विचारलं नाही. फक्त "तू हललीस" म्हणायचं त्यांनी बंद केलं.

आणि एक दिवस जेवताना मध्येच म्हणाले, "ते टेबलावर कापायचं मशीन बघून येऊ. स्वस्तातलं आलंय, उचलून कुठंही नेता येतं. काम पटापट उरकेल."

बाईंचा घास हातातच राहिला. "बघा की," एवढंच म्हणाल्या.

दुकानात मिस्त्री घरची लांब फळी काखेत मारूनच गेले. दुकानदाराने मागच्या अंगणात मशीन मांडून दिलं. टेबलाच्या मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं, आणि लाकूड सरळ जावं म्हणून बाजूला एक सरकती पट्टी. मिस्त्रींनी आधी प्लग काढायला लावला आणि मग उलटतपासणी सुरू केली. पाय हलवून बघितले: लुळे. वरचा पत्रा बोटाने वाजवला: पातळ. पट्टी आणि पातं यांच्यातलं अंतर पुढून मोजलं, मागून मोजलं.

"मागे पात्याकडे झुकतेय पट्टी. लाकूड अडकून अंगावर उसळेल."

"एवढ्या स्वस्तात आणखी काय मिळणार, मिस्त्री?" दुकानदार म्हणाला.

मिस्त्रींनी आता पात्याकडे मोर्चा वळवला. पातं दोन्ही बाजूंनी धरून हलवून पाहिलं. जराही डुगडुगलं नाही. मग खिशातून पाना काढून त्यांनी पट्टीचे स्क्रू सैल केले, पट्टी सरळ केली, पुन्हा आवळली. "जे बिघडलंय ते मला सुधारता येतं," ते बायकोला म्हणाले, "आणि जे मला सुधारता आलं नसतं ते चांगलं आहे. घ्यायला हरकत नाही."

"मला नाही आवडलं," बाई फटकन म्हणाल्या. "आवाज असणार कर्कश. पाय तर आत्ताच लटपटतायत. मी धरायचे तेव्हा फळी कधी अडकली होती का?"

मिस्त्री चाट पडले. खोट काढण्याचं खातं आजवर त्यांचंच होतं.

"अगं, पण..."

"सरळ सांगा ना, मला कामावरून काढताय! ओरडायचं सोडलंत तेव्हाच कळलं मला, तुमच्या मनात काहीतरी शिजतंय."

दुकानदार हळूच आत सटकला.

"तू डाव्या हाताने वेणी घालतेस," मिस्त्री खाली बघत म्हणाले. "मला काय दिसत नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"

बाईंनी दुखरा खांदा चोळला. मग आवाज उतरला. "बरं, आलं मशीन. मग मी दिवसभर काय करू? भिंतीकडे बघत बसू? सांगा ना."

आता मात्र मिस्त्री चपापले. पट्टी मोजली, पाय हलवून पाहिले, आणि हे काही त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. स्वतःचाच राग आला त्यांना. मग त्यांनी घरून आणलेली फळी उचलून टेबलावर ठेवली.

"इकडे ये," ते म्हणाले. "पुढे. पात्याच्या समोर नको, बाजूला. हात कमरेच्या वर न्यायचाच नाहीये, खांद्याला त्रास नाही. पट्टीला चिकटवून नुसतं ढकलायचं. शेवटी पात्याजवळ हात न्यायचा नाही, ही काठी वापरायची."

"मी? कापू?"

"मग काय मी? मागे एवढं लांबडं धूड कोण झेलणार?"

प्लग लावला. मशीन किंचाळलं. बाईंनी ओठ घट्ट मिटून फळी पुढे सारली, आणि पलीकडे मिस्त्री पहिल्यांदाच दुसरं टोक धरून उभे राहिले. भुसा थेट त्यांच्या नाकातोंडात.

"अगं, सावकाश!"

"तुम्ही गप्प उभे राहा हो!"

मशीन बंद झालं. बाईंनी कापलेली फळी उचलून एक डोळा मिटला आणि काठावरून नजर टाकली.

"हं," त्या म्हणाल्या.

"काय हं?"

"सरळ चाललं होतं. शेवटी वाकडं गेलं. तुम्ही हललात!"

मिस्त्रींनी खिशातला गुण्या अर्धा बाहेर काढला, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो परत आत सरकवला.

"हललो," ते म्हणाले, आणि आत वळून दुकानदाराला ओरडले, "अहो, बांधा मशीन!"