मऊ लागलेला बोल्ट

आमच्या घरची मोटार तिघा भावांची होती, म्हणजे खरं तर कुणाचीच नव्हती. मोठेबाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मागे ऐसपैस बसून छत्रीच्या टोकाने रस्ता दाखवत. बाबा चालवत. धाकटे काका शेजारी बसून भोंगा दाबत, कारण त्यांना तेवढंच येत होतं. मोताळ्याच्या बाजारात गाडी थांबली की लोक बैल पारखावा तसे तिच्याभोवती फिरत आणि काका त्यांना खुशाल चाकांवर थापा मारू देत.

या तिघांची एक रीत होती. कुठलंही मोठं काम असो, त्याला तिघांचा हात लागलाच पाहिजे. तिफणीची दोरी एकाने आवळली की दुसरा येऊन तिला आणखी एक पीळ देई, मग तिसरा. करकचून बांधलेल्या गाठीलाही थोरल्याचा हिसका बसला नाही, तर थोरल्याला डावललं असं होई आणि चार दिवस घरात कुणी धड जेवत नसे. आम्हा बायकांना याचं हसू येई. दोरीच्या बाबतीत त्याने काही बिघडत नव्हतं.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले ते लढाईचे दिवस होते. पेट्रोल चिठ्ठीवर मिळे, आणि मोटारीचा सुटा भाग हवा असेल तर नागपूरला खेपा घालूनही हात हलवत परत यावं लागे. आठव्या महिन्यात गावच्या दाईने माझं पोट चाचपलं आणि ती आईला बाजूला घेऊन गेली. मूल आडवं होतं. दाई स्पष्ट बोलणारी. म्हणाली, "हे माह्या हातचं काम नाही. बुलढाण्याले डाक्टरीन बाईकडे न्या."

बाबांचं म्हणणं होतं की आत्ताच न्यावं, तिथे कुणाकडे तरी खोली घेऊन राहावं. मोठेबाबांना ते पटलं नाही. दारात मोटार असताना घरची लेक परक्याच्या घरी जाऊन पडते म्हणजे काय? "कळा लागल्या का नेऊ. गाडी काऊन ठेवली मंग?" ते म्हणाले, आणि बाबा गप्प बसले. थोरल्या भावासमोर बाबांनी कधी तोंड वर करून बोललेलं मी पाहिलं नाही. या गोष्टीचा मला आजही संताप येतो. माणूस चांगला, हुशार, गावात दहा जण त्याचा सल्ला घेणारे, आणि भावासमोर मुका.

तर सगळी भिस्त त्या गाडीवर, आणि गाडीने नेमका त्याच वेळी दगा दिला. इंजिनातलं पाणी तेलात उतरू लागलं. बाबांनी निदान केलं की वरच्या झाकणाखालचं पॅकिंग गेलं. त्यांनी अंगणात लिंबाखाली ताडपत्री अंथरली आणि झाकणाचे सगळे बोल्ट काढून घासलेटच्या परातीत टाकले. मी पायरीवर बसून गहू निवडत बघत होते. मला दुसरं काही काम सांगतच नव्हते.

नवे बोल्ट मिळणं शक्य नव्हतं. बाबा एकेक जुना बोल्ट पुसून दुसऱ्याला चिकटवून धरत, आट्यात आटा बसवून, आणि उजेडाकडे करून बघत. आटे बरोबर जुळले तर बोल्ट ठीक. मधे उजेड दिसला तर तो ताणला गेलाय, लांबलाय. एका बोल्टात उजेड दिसला. बाबांनी तो बाजूला ठेवला, बाकीचे तपासले, मग बराच वेळ त्या एकाकडे बघत बसले आणि शेवटी तोही बाकीच्यांत टाकला. दुसरा होता कुठे?

बोल्ट कसताना मात्र त्यांनी कसलीच घाई केली नाही. आधी मधले, मग बाहेरचे, सगळे थोडे थोडे, पुन्हा पहिल्यापासून. तो लांबलेला त्यांनी मागच्या कोपऱ्यात बसवला आणि त्याला सगळ्यांत हलक्या हाताने कसलं. पाना खाली ठेवून ते म्हणाले, "झालं." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं आणि माझ्याही जिवात जीव आला.

तेवढ्यात काका आले. त्यांनी पाना उचलला आणि प्रत्येक बोल्टाला एकेक झटका दिला. मग मोठेबाबा आले. पान्याच्या दांडीवर त्यांनी लोखंडी नळी चढवली, म्हणजे जोर जास्त लागतो, आणि धोतर खोचून सुरुवात केली. घरची लेक जाणार या गाडीतून, तेव्हा कसर नको, असं ते म्हणत होते. खरं सांगायचं तर त्या हिसक्यांत माझ्यावरची मायाच होती. दुसरं काही असतं तर मला त्यांना शिव्या देणं सोपं गेलं असतं.

शेवटचा बोल्ट राहिला, मागच्या कोपऱ्यातला. मोठेबाबा थांबले आणि मला हाक मारली. "ये वं माय, तुहा हात लाव. तुह्याचसाठी चाल्लं हे." मी अवघडत उठून गेले. नळीवर हात ठेवला. माझ्या हातावर त्यांनी आपला पंजा ठेवला आणि रेटा दिला.

आधी ती घट्ट होत गेली. मग एकदम मऊ लागली. नळी फिरत होती, पण जोर लागत नव्हता. बाजेची जुनी दोरी ओढताना तुटायच्या आधी अशीच हाताखाली सैल येते. मी कितीतरी बाजा आवळल्या होत्या. मला ते हाताला कळलं.

"बाबा, हे मऊ लागून राह्यलं," मी म्हणाले.

मोठेबाबा हसले. "हात हलका आहे पोरीचा. पाना कसा लोण्यावानी फिरला!" काकाही हसले आणि त्यांनी कौतुकाने भोंगा वाजवला. बाबा पलीकडे खाली बसून चिंधीने हात पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दोन दिवसांनी सकाळी माझ्या कळा सुरू झाल्या. बाबा चालवायला, मागे आई, दाई आणि मी. सपाटीवर गाडी छान धावली. राजूरच्या घाटात चढ लागला, इंजिन गुरगुरायला लागलं, आणि दुसऱ्या वळणानंतर खण्णकन आवाज झाला. बोल्टाचं डोकं उडून आतून पत्र्यावर आपटलं होतं. मग वाफ. इतकी वाफ की समोरचा डोंगर दिसेना.

बाबांनी घागरीतलं पाणी ओतलं, ते इंजिनात न टिकता खाली वाहून गेलं. त्यांनी उरलेले बोल्ट कसायला पाना घातला, हात भाजला, पुन्हा घातला. मी मागे ओरडत होते. वैशाखाचं ऊन, तापलेला पत्रा आणि आईचा एकच घोष, पोरी दम धर, दम धर. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी कडब्याची एक गाडी वर चालली होती, तिच्यातला अर्धा कडबा रस्त्यावर टाकून मला तिच्यात घातलं. बाबा बैलांच्या पुढे धावत होते. पायात वहाण नव्हती.

बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला वाचवलं. मूल आधीच गेलं होतं. मुलगी होती. मला दाखवली नाही, आणि मीही दाखवा म्हणाले नाही.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांना मोठेबाबा सगळी हकिकत सांगत. पहिल्यांदा ते म्हणाले, बोल्ट जुना होता. चार-पाच दिवसांनी त्यात भर पडली. "तिघं भावांनी कसले तेवढे टिकले. ज्याले बाईमाणसाचा हात लागला तोच मोडला. तेबी असे दिवस असताना." ते हे दुष्टपणाने म्हणत नव्हते. सुस्कारा टाकून म्हणत, आणि येणारे मान हलवत. मी आतल्या खोलीत पडून सगळं ऐकत होते. बाबा ओसरीवरच असत. मला वाटे, आता बोलतील. आता म्हणतील की पोरीने सांगितलं होतं. ते बोलले नाहीत.

मी स्वतःची समजूत घातली की त्यांनी ऐकलंच नसेल. सगळे हसत होते, भोंगा वाजत होता, ते खाली बसले होते. कसं ऐकू जाणार? ही समजूत मी घट्ट धरून ठेवली, कारण ती सोडली असती तर मला माहेरच उरलं नसतं.

ही गोष्ट माझ्या सासरी डोणगावलाही पोचली. सासूबाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण घरी शिवणाचं यंत्र आलं तेव्हा त्यांनी मला त्याचं चाक फिरवू दिलं नाही. विहिरीवर नवा रहाट बसवला, त्या दिवशी मला घरातच ठेवलं. नवरा म्हणायचा, "जाऊ दे ना वं." मी जाऊ दिलं.

लढाई संपली आणि पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले. या वेळी मूल नीट होतं, पण माहेरी न्यायची पद्धत, म्हणून बाबा एकटेच मोटार घेऊन डोणगावला आले. मी लुगडी पेटीत भरून तयार होते. बाबा म्हातारे दिसत होते. चहा घ्यायच्या आधीच त्यांनी मला अंगणात बोलावलं आणि इंजिनावरचा पत्रा उचलून आतलं दाखवलं. सगळे बोल्ट नवे, चकचकीत.

"या खेपी कोनाचा हात लागू देला नाही," ते म्हणाले. "दादाले बी सांगितलं, दूर राहा. सारे मीच कसले."

थोरल्या भावाला दूर राहा म्हणाले! मला भरून आलं. मी सहज विचारलं, "मंग किती कसले, बाबा?"

"मऊ लागाच्या आंधी थांबलो," ते म्हणाले.

म्हणताच त्यांचा हात पत्र्यावर तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी लिंबाखालीही पाहिलं नव्हतं.

"चहा घ्या अन् निघा, ऊन चढन," मी म्हणाले. आत गेले, पेटी उघडली आणि एकेक लुगडं काढून परत दांडीवर टाकलं. बाहेर बराच वेळ गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही.