कोपऱ्यातल्या गाळ्याची चूल

जव्हारच्या एसटी स्टँडजवळ ज्या माणसानं शॉपिंग सेंटर बांधलं तो जव्हारचा नव्हता, आणि इमारतीकडे बघताच ते कळायचं. काचेची दारं, गुळगुळीत फरशी, वरच्या मजल्यावर जायला वळणाचा जिना. त्याचा हिशेब असा, की शिरपामाळ आणि दाभोशाचा धबधबा बघायला येणारी माणसं इथं खरेदी करतील. माणसं आली. त्यांनी फोटो काढले, वडापाव खाल्ला आणि गाडीत बसून गेली. पाड्यांवरची माणसं तर फरशीची चकाकी बघून पायरीखालीच चपला काढायची आणि तिथूनच परत फिरायची. त्यांना हवं ते बाजाराच्या दिवशी रस्त्यावर मिळत होतं. नव्वदच्या दशकात थाटामाटात उघडलेली ती इमारत शतक उलटेपर्यंत ओस पडली. गाळ्यामागून गाळे बंद झाले, शटरना गंज चढला.

शेवटी उरलो आम्ही. आम्ही मणियार, पिढीजात बांगड्या भरणारे मुसलमान. माझ्या सासूबाई डोक्यावर टोपली घेऊन पाडेच्या पाडे हिंडायच्या. घरात चुलीपाशी बसून बायकांच्या हातात चुडा भरायचा आणि नाचणी किंवा तांदूळ पदरात घेऊन यायचं, हा त्यांचा धंदा. मी लग्न होऊन आले तेव्हा दोनतीनदा त्यांच्यासोबत गेले होते. आमच्या ह्यांना मात्र ते जमणारं नव्हतं. त्यांचा एक पाय लहानपणापासून अधू. चढउतार झेपत नाही, म्हणून त्यांनी हौसेनं, पण कर्ज काढून, हा गाळा भाड्यानं घेतला होता.

आमचा गाळा कोपऱ्यातला. त्याच्यावर स्लॅब नव्हता, नुसता पत्रा होता. ह्यांनी मागच्या भिंतीला चांगली मोठी खिडकी पाडून घेतली होती, कारण ट्यूबलाइटखाली हिरवा आणि मोरपंखी रंग सारखेच दिसतात. बांगडीला उन्हाचा उजेड लागतो. त्या खिडकीला गज नव्हते, आणि ती उघडायची मागच्या अंगणात, जिथं मोखाड्याकडच्या जीपा उभ्या राहायच्या. पाड्यांवरच्या बायका काचेच्या दाराकडे फिरकायच्यासुद्धा नाहीत. त्या मागून यायच्या आणि खिडकीतून हात आत घालायच्या. मी आत बसून भरायची. कित्येकींचे हात मी ओळखायची, तोंडं नाही. सगळं शॉपिंग सेंटर बुडालं आणि आम्ही त्या एका खिडकीवर तरलो.

मग मालकानं इमारत एका संस्थेला देऊन टाकली. संस्थेचा बेत असा: वर शिवणवर्ग आणि वाचनाची खोली, खाली मधल्या भिंती पाडून एक मोठी खोली. लांबच्या पाड्यांवरच्या गरोदर बायकांनी दिवस भरत आले की तिथं येऊन राहायचं, म्हणजे कळा सुरू झाल्या की दवाखाना चार पावलांवर. बेत वाईट होता असं मी म्हणणार नाही. रात्रीबेरात्री झोळीत घालून डोंगर उतरवलेल्या बायकांच्या गोष्टी आम्ही सगळ्यांनीच ऐकल्या होत्या. संस्थेच्या ताई आमच्या दुकानात येऊन म्हणाल्या, "भाभी, तुमचा गाळा आत्ता लागत नाही. तुम्ही बसा. पण गरज पडली तर मात्र द्यावा लागेल."

गरज पडली तर. हे तीन शब्द आमच्या घरात येऊन बसले ते उठेनातच. जेवताना हे मध्येच थांबायचे आणि विचारायचे, "गरज कसली पडणार म्हणा?" मी म्हणायची, "मला काय विचारता, मी काय संस्था आहे?" माझी जीभ पहिल्यापासून अशीच. सासूबाई म्हणायच्या, हिच्या तोंडाला कुलूप लावावं तर चावीच आधी हरवेल.

भिंती पडल्या, खोली झाली, रंग दिला. खाटा आल्या, घोंगड्या आल्या. थंडी पडली, भात झोडून झालं, पुरुष वीटभट्ट्यांवर गेले आणि बायका यायला लागल्या. आल्या, खोली बघितली, हसल्या, मान डोलावली आणि बाहेर ओट्यावर जाऊन निजल्या. जव्हारची थंडी ज्यानं सोसली आहे त्यालाच कळेल ओट्यावरच्या फरशीवर निजणं म्हणजे काय. ताईंना वाटलं खाटांची भीती वाटते, म्हणून त्यांनी खाटा काढून सतरंज्या घातल्या. मग वाटलं शटरची भीती वाटते, म्हणून लाकडी दार बसवलं. बायका दाराकडे बघून पुन्हा हसल्या आणि ओट्यावरच राहिल्या. त्यांचं अंथरूण आमच्या दुकानाच्या तोंडाशी. मला रोज सकाळी त्यांना ओलांडून शटर उघडावं लागायचं आणि मी रोज करवादायची.

त्यात पोशेऱ्याची एक सासू-सून होती. सून कोवळी, पहिलटकरीण, पाय सुजून खांबाएवढे झालेले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की हिला आता परत डोंगरावर नेऊ नका, नेली तर जिवाचा भरवसा नाही. नवरा भिवंडीकडे भट्टीवर. पोर दिवसभर ओट्यावर भिंतीला टेकून बसायची. तिच्या हातात नुसत्या दोन जुन्या बांगड्या होत्या. मला राहवेना. मी म्हटलं, "ये, हिरव्या भरते. पहिलं बाळ आहे." पोरीनं हात पुढं केला, पण सासूनं तो खाली केला.

"ओट्यावर कोन पयल्या बाळाचा चुडा भरतो, बाय? घरात बसू तवा भरू."

मी चिडून म्हटलं, "मग बसा ना घरात. एवढी मोठी खोली आहे."

"ह्या घर नाय," म्हातारी म्हणाली. "चूल नाय, मंग घर कसा? चुलीबिगर घरात मढा ठेवतात. जिती बाय निजत नाय."

ती सरळ बोलून गेली, आणि माझ्या अंगावर काटा आला. मला ते ठाऊक असायला हवं होतं. सासूबाईंबरोबर गेले तेव्हा पाहिलं होतं, पाड्यावरच्या घरात चूल विझत नाही. रात्री निखारा राखेत झाकून ठेवतात आणि सकाळी तोच फुंकतात. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी, बाळाला शेक, सगळं त्या विस्तवाचं. आणि ताईंनी खोलीत ठेवला होता गॅस. त्याच्यावर चहा होतो, विस्तव राहत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. दोघी-तिघींनी आपसांत ठरवलं असावं. त्यांनी अंगणातले तीन दगड आत नेले, खोलीच्या कोपऱ्यात मांडले, काटक्या पेटवल्या आणि वारं लागू नये म्हणून दार लावून घेतलं. त्या खोलीला ना खिडकी ना झरोका, कारण दुकानाला कशाला लागते खिडकी. आम्हाला कळलं ते दाराखालून धूर आल्यावर. मी धावले. दार उघडलं तर आत काही दिसत नव्हतं, नुसता खोकला ऐकू येत होता. मी आणि ताईंनी एकेकीला हाताला धरून बाहेर काढलं. पोशेऱ्याची पोर सगळ्यात आत होती, चुलीजवळ. ती बाहेर आली आणि ओट्यावर बसून ओकली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

ताई घाबरल्या होत्या. घाबरलेलं माणूस ओरडतं, तशा त्या ओरडल्या. इथं पुन्हा आग पेटवायची नाही, कोणीही नाही. बायकांनी मान डोलावली. म्हातारीनं आपलं गाठोडं बांधायला घेतलं. उद्या सकाळच्या जीपनं परत पोशेऱ्याला.

संध्याकाळी घरी हे म्हणाले, "तू काय विचार करतेस ते मला समजतं. तू बस चूप."

"मी काही बोलले?"

"बोलली नाहीस म्हणून तर भीती वाटते." ते भाकरी मोडत होते, पण खात नव्हते. "धूर जाईल असा गाळा त्या इमारतीत एकच आहे. पत्र्याचा, खिडकीचा. तुझ्या तोंडून चूल हा शब्द निघाला, की गरज पडली म्हणून समज. मग मी काय करू? ह्या पायानं टोपली घेऊन दाभोशाचा डोंगर चढू?"

ते खरं बोलत होते. आणि पोरीचे ओठही खरे होते. मी त्या रात्री त्यांच्यावर चिडले, संस्थेवर चिडले, त्या म्हातारीवर तर फारच चिडले, की एक गॅसची शेगडी चालवून घेतली असती तर काय बिघडलं असतं हिचं.

सकाळी जीप अंगणात लागली. मी खिडकीत बसले होते, हे माझ्यामागे दोऱ्यात ओवलेल्या बांगड्यांचे तोडे मांडत होते. म्हातारीनं सुनेला मागच्या बाकावर चढवलं. पोरीला पाय उचलवत नव्हता, तो हातानं उचलून आत ठेवावा लागला. जीप भरल्याशिवाय निघत नाही. दोन माणसं कमी होती. ताई जीपच्या दाराला धरून विनवत होत्या, डॉक्टरीणबाईंचं नाव घेत होत्या. म्हातारी समोर बघत होती. एक माणूस आला, चढला. आता एकच हवा होता. ताई माझ्याकडे वळल्या.

"भाभी, तुम्ही तरी समजवा यांना."

मी मागं बघितलं. ह्यांनी मान हलवली, नको. हातातला तोडा त्यांनी तसाच धरला होता.

"त्यांना काय समजवू," मी म्हटलं. "समजायचं तुम्हाला आहे. त्यांना चूल हवी. लाकडाची, विस्तव राहणारी. तिच्याशिवाय त्या आत निजणार नाहीत, आज नाही आणि पुढच्या वर्षीही नाही."

"पण काल बघितलंत ना? धूर जायला जागाच नाही. चूल घालायची कुठं?" ताई इमारतीकडे बघत होत्या. एक शटर, दुसरं शटर, बिनखिडकीच्या भिंती. मग त्यांची नजर माझ्या खिडकीवर आली आणि थांबली. त्यांनी गाळा मागितला असता तर मी भांडले असते, इतकं मला नक्की ठाऊक आहे.

"इथं," मी म्हटलं.

माझ्यामागे तोडा काउंटरवर ठेवल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं नाही. मला वाटलं म्हातारी आता उतरेल. पण ती हलली नाही. असली आश्वासनं ऐकण्यात तिचं आयुष्य गेलं होतं.

"चूल घालशील तवा घालशील," ती म्हणाली. "पोरीला आज थंडी वाजते."

एवढ्यात शेवटचा माणूस आला. ड्रायव्हरनं विडी टाकली आणि चावी फिरवली. मी खिडकीतून ओरडणार होते, काय ओरडणार होते ते माहीत नाही, आणि तेवढ्यात पुढच्या ओट्यावर काहीतरी जड आदळलं. हे बांगड्यांचं खोकं घेऊन लंगडत बाहेर आले होते. ते त्यांनी ओट्यावर ठेवलं, आत गेले, दुसरं आणलं. मग फळी. मग आरसा, बगलेत धरून. माझ्याकडे बघितलं नाही, कुणाकडेच नाही. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मी उठून हातभार लावायला गेले तर म्हणाले, "हात लावू नकोस." मी लावला नाही.

खिडकीतून गाळा रिकामा होताना जीपमधल्यांना दिसत होता; ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतानाच चौथ्या की पाचव्या खेपेला म्हातारी जीपमधून उतरली. मग तिनं सुनेला उतरवलं.

दुपारपर्यंत गाळा रिकामा झाला. भिंतीवर फळ्यांचे पांढरे पट्टे उरले. बायकांनी अंगणातून माती आणली, तीन दगड रोवले, लिंपले. बायका दारातून आत-बाहेर करत होत्या, जणू ते दार पहिल्यापासून त्यांचंच होतं. मी बाहेर खोक्यांवर बसले होते. खोकी चादरीत बांधून झाली होती. हे हातगाडी बघायला गेले होते.

काटक्या रचून झाल्या तेव्हा ताईंनी म्हातारीला काडेपेटी दिली. तिनं ती घेतली आणि उठून बाहेर माझ्यापाशी आली.

"पेटव."

"मी कशाला? चूल तुमची."

"चूल आमची. घर तुजा," ती म्हणाली. "पयली आग घरधनीन लावते. आमी पाव्हन्या."

मी म्हटलं, घर कसलं माझं, सकाळीच सोडलं. तिला ते ऐकूच आलं नाही, किंवा आलं असेल. ती काडेपेटी पुढं करून उभी राहिली. मी आत गेले, चुलीपाशी उकिडवी बसले आणि काडी ओढली. पहिली विझली. दुसरी लागली. धूर वर गेला, पत्र्याखाली घोटाळला आणि खिडकीतून बाहेर पडला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ते धुराचं नव्हतं. मी रडले, आणि मला बरं वाटलं नाही, कितीतरी दिवस बरं वाटलं नाही.

पुढं ती पोर दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. पण मला आठवते ती त्याच दुपारी दाराशी चपला काढणारी. ती भिंतीला धरून आत आली, चुलीजवळ बसली आणि सुजलेले पाय विस्तवाकडे लांब केले. जरा वेळ तिनं डोळे मिटले. मग सासूकडे बघितलं. सासूनं मान डोलावली.

पोरीनं माझ्याकडे हात पुढं केला.

मी बाहेर गेले आणि चादरीची गाठ सोडायला बसले. गाठ ह्यांनी मारलेली, पक्की. सुटता सुटेना. हातगाडी घेऊन आलेले हे माझ्याकडे बघत उभे राहिले, मग खाली बसले आणि दुसऱ्या टोकाची गाठ त्यांनी सोडायला घेतली.