आकडा तेवढा सांगायचा नाही

आमच्या गल्लीत इंग्रजीतलं काहीही आलं की ते माझ्याकडे येतं. वॉशिंग मशीनचं पुस्तक, विम्याचा मेसेज, कुणाच्या तरी सोनोग्राफीचा रिपोर्ट. माणूस दारात उभा राहतो, कागद पुढे करतो आणि म्हणतो, "पाह्य बरं, काय म्हणते." मी सांगते की मला डॉक्टरी कळत नाही. त्यावर माणूस म्हणतो, "अवं, तू इंग्लिश मिडियमची ना?" आणि कागद माझ्या हातात ठेवतो.

इंग्रजी माध्यमात मी शिकले हे खरं. पण त्या शाळेत मराठी शब्द तोंडातून निघाला की एक रुपया दंड होता, आणि इंग्रजी वाक्य चुकलं की वर्ग हसायचा. मी दोन्हीतून वाट काढली. बोलायचंच नाही. इतक्या वर्षांत माझा दंड फार तर वीस रुपये झाला असेल, आणि घरच्यांना वाटायचं की पोरगी तिकडे फाडफाड बोलत असणार. मला लिहायला येतं, व्याकरण पक्कं आहे. पण समोर माणूस आला की इंग्रजीच काय, मराठीही मोजूनमापून निघते. हे मी कुणाला सांगत नाही. ज्या घरानं एवढी फी भरली, त्या घरात हे सांगता येत नाही.

त्यामुळे शेजारच्या वहिनींना इंग्रजी शिकवायचं हे आईनं मला न विचारताच कबूल केलं, तेव्हा मी गप्प राहिले.

वहिनी म्हणजे शेजारच्या घरची सून. माहेर अमडापूरचं. चिखलीतल्या एका खासगी दवाखान्यात सहा वर्षांपासून नर्स. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या, तरी गल्लीच्या रीतीप्रमाणे मला 'ताई' आणि 'तुमी' म्हणतात. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात नर्सची जागा निघाली होती. मुलाखत व्हिडिओवर होणार होती, आणि इंग्रजीतून. त्यांचा नवरा इथे जीप चालवतो. तो म्हणाला होता, मी तिकडे कोणतीही गाडी चालवीन. अडचण सासऱ्यांची होती. ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांनी एकच अट घातली होती. पुण्यात खोली घेऊन, नातीला शाळेत घालून घर चालेल एवढा पगार मिळत असेल तर जा, नाहीतर नाव काढू नका. म्हणजे सगळं पगारावर येऊन थांबलं होतं.

वहिनींनी बसस्टँडवरून एक पिवळ्या कव्हरचं पुस्तक आणलं होतं. त्यात एक धडा होता, 'पैसा आणि जीवनमूल्ये'. मुलाखतीत हमखास विचारतात, असं वर ठळक छापलेलं होतं. दुपारी ड्यूटीवरून आल्या की त्या आमच्या पुढच्या खोलीत बसायच्या. आई तिथेच तुरीच्या शेंगा सोलत बसायची, आणि तिला कुणी काही विचारलेलं नसताना बोलायची.

पहिलाच प्रश्न होता, पैसा तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे का?

"येस," वहिनी म्हणाल्या. "व्हेरी इम्पॉर्टंट."

"असं नाही म्हणायचं वहिनी. मनी इज इम्पॉर्टंट, बट नॉट एव्हरीथिंग. असं म्हणायचं."

"काऊन?"

"चांगलं दिसतं ते."

"मंग पगार कायले देतात? चांगलं दिसते म्हणून?"

आई शेंगांवरून मान न उचलता म्हणाली, "बरोबर बोलून राह्यली ते."

पुस्तकात तसंच लिहिलंय हे मी दोघींना दाखवलं. दोघींनी पुस्तकाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, जणू ते मीच छापलं होतं.

शब्द मात्र त्या भराभर शिकल्या. 'अफोर्ड' त्यांना फार आवडला. परवडत नाही हे इंग्रजीतही म्हणता येतं म्हणून दोन दिवस त्यांनी तो सगळीकडे वापरला. भाजीवाल्याला सांगून आल्या, आय कॅन नॉट अफोर्ड गवार. पुस्तकातल्या उत्तरांशी मात्र त्यांचं जमेना. 'जर माझ्याकडे खूप पैसा असता तर' या वाक्याचा दुसरा भाग पूर्ण करायचा होता. पुस्तकात नमुना होता, तर मी गरिबांना मदत केली असती. वहिनींनी लिहिलं, तर मी इंग्रजी शिकले नसते. क्रियापदं अगदी बरोबर होती. मी खोडायला पेन उचललं आणि काय खोडावं ते कळेना.

जीवनमूल्यांच्या पानावर तर माझा संयमच संपला. तुम्ही आयुष्यात सर्वांत जास्त कशाला किंमत देता? खाली यादी होती: प्रामाणिकपणा, कुटुंब, कष्ट, वेळ.

"झोपीले," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, नीट सांगा."

"नीटच सांगून राह्यली. नाइट ड्यूटी करून पाहा, मंग समजीन."

आई हसत होती. मग थोड्या वेळानं वहिनी म्हणाल्या, "कोणापुढं हात पसरा नाही लागला पाहिजे. हे इंग्लिशमधी कसं म्हणाव?"

मी सांगितलं, सेल्फ-रिस्पेक्ट. त्यांनी तो शब्द वहीच्या मागच्या पानावर मराठीत लिहून घेतला.

शेवटचा प्रश्न पगाराचा. तुमची अपेक्षा किती? याचं उत्तर पुस्तकात नव्हतं, पण मला येत होतं. शाळेत दहावीला व्यक्तिमत्त्व विकासाचा एक तास असायचा. तिथे ते उत्तर फळ्यावर लिहून दिलं होतं. ॲज पर युवर नॉर्म्स, सर.

"म्हंजे काय?"

"तुमच्या नियमाप्रमाणे द्या."

"त्यायचे नियम मले काय मालूम?"

"वहिनी, असंच म्हणतात. आपण आकडा सांगितला तर हावरट वाटतं."

आईनं लगेच मान डोलावली, आणि हावरट म्हटल्यावर वहिनींनाही ते पटलं. या एका बाबतीत आमच्या तिघींचं एकमत झालं, आणि तेच नडलं. आमच्याकडे कुणी स्वतःच्या कामाचा आकडा सांगत नाही. आमचे ब्लाउज शिवणाऱ्या आपा आहेत, पलीकडच्या गल्लीत. किती झाले विचारलं की मशीनवरचे हात थांबवून म्हणतात, "दे देना, जो तुमको ठीक लगे." पापड लाटायला येणाऱ्या मावशीही तेच म्हणतात, "द्या तुमच्या मनानं." घेणाऱ्याला आकडा माहीत असतो, देणाऱ्यालाही माहीत असतो, फक्त तो उच्चारायचा नसतो. कमी दिले तर कुणी काही बोलत नाही, पण आठ दिवसांत गल्लीला कळतं. म्हणून कुणी कमी देत नाही. मला वाटलं, फळ्यावरचं ते इंग्रजी वाक्य म्हणजे याचंच सुशिक्षित रूप आहे.

मुलाखत आमच्याच घरी झाली, कारण नेटवर्क आमच्याकडे बरं येतं. मी दाराआड उभी होते. दवाखान्यातला माणूस तरुण वाटत होता. त्यानं आयसीयूबद्दल विचारलं, व्हेंटिलेटरबद्दल विचारलं, आणि वहिनींना ते सगळे शब्द माझ्यापेक्षा चांगले येत होते. जीवनमूल्यांबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. शेवटी पगाराचं विचारलं. वहिनींनी वाक्य न अडखळता म्हटलं, शेवटच्या 'सर'सकट. तो म्हणाला, "गुड." आईनं चहा ठेवला. मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला.

चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर पत्र आलं. पंधरा हजार. इथे त्यांना तेरा मिळत होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होकार कळवा, असं खाली लिहिलं होतं.

वहिनी पत्र घेऊन आल्या. चिडल्या नव्हत्या. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"ताई, नॉर्म्स म्हंजे हे होय?"

आई म्हणाली, "बापा, पंधरात तं खोलीचं भाडंबी निंघत नाही पुण्यात." मग माझ्याकडे वळली. "तुले कोणं सांगतलं होतं असं शिकवाले?"

तीच आई, जिनं मान डोलावली होती. मला सगळ्यांचा राग आला: पुस्तकाचा, फळ्यावर ते वाक्य लिहिणाऱ्या मॅडमचा, आईचा, आणि माझ्यावर एवढा विश्वास ठेवणाऱ्या वहिनींचाही. सगळ्यांत जास्त या गोष्टीचा, की मला हे आधी सुचायला हवं होतं. द्या तुमच्या मनानं, हे तिथेच चालतं जिथे देणाऱ्याला चार लोकांची भीती असते. पुण्यातल्या त्या माणसाला आमच्या गल्लीची काय भीती?

पलीकडून सासऱ्यांचा आवाज आला. अंगणात कुणाला तरी सांगत होते, "नाही जमलं. बरं झालं, पोरगी इथंच राहीन." नातीला धाडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं हे मला तेव्हा कळलं.

"फोन लावा त्यायले," वहिनी मला म्हणाल्या.

मी? मी गॅसची टाकीसुद्धा ॲपवरून मागवते, कारण फोनवर बोलावं लागत नाही. मी म्हटलं, आधी काय बोलायचं ते कागदावर लिहू, मग उद्या सकाळी करू. वहिनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतःच पत्रातला नंबर लावून फोन स्पीकरवर टाकला.

"गुड आफ्टरनून सर. आय ॲम, आय हॅव रिसीव्ह युवर लेटर. बट सर, सॅलरी..."

"हां मॅडम, बोला ना," पलीकडून आवाज आला. "मराठीत बोला, काही प्रॉब्लेम नाही."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. वीसेक दिवस आम्ही या माणसासाठी क्रियापदं पाठ करत होतो.

वहिनी मात्र थांबल्या नाहीत. "सर, पगार कमी हाये. पंधरात मले येणं नाही होत."

"पण मॅडम, तुम्हीच म्हणालात आमच्या नॉर्म्सप्रमाणे. फ्रेशरचे नॉर्म्स तेच आहेत."

"म्हटलं मी. चुकलं ते. आमच्याकडे तसं म्हणाची रीत हाये. पण मी फ्रेशर नाही सर. सहा वर्षं झाले, त्यातले चार आयसीयूत. मले पंचवीस पाहिजेत."

पंचवीस. असा सरळ. मी फरशीकडे पाहत राहिले. चूक मी शिकवली होती, हे त्या म्हणाल्या नाहीत.

तो माणूस हसला, पण वाईट हसला नाही. म्हणाला, माझ्या हातात नाही, वर पाठवावं लागेल. आज संध्याकाळपर्यंत मेल करा. आणि मेल इंग्लिशमध्ये हवा, वरच्यांना मराठी येत नाही.

हे काम मात्र माझं होतं. मी दहा मिनिटांत लिहिलं. आपण कृपया विचार करू शकलात तर मी आपली अत्यंत ऋणी राहीन, या अर्थाचं लांबलचक, बिनचूक इंग्रजी. वहिनी म्हणाल्या, मराठीत सांगा. मी सांगितलं.

"हे तं पाया पडणं झालं ताई."

"मेलमध्ये असंच लिहितात."

हे माझ्याच तोंडून निघालं आणि मी थांबले. वहिनींनी मजकुरावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "रिस्पेक्टेड सर राहू द्या. बाकीचं काढा. सहा वर्षं, चार आयसीयू, पंचवीस. आणि एवढं होत असंन तं मी एक तारखेले हजर होतो."

तीन वाक्यं उरली. मला ती उद्धट वाटली. कुठेतरी एक 'काइंडली' घालावा म्हणून माझी बोटं शिवशिवत होती. वहिनींनी हात लांब करून स्वतःच पाठवण्याचं बटण दाबलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आलं. वहिनी दारात उभ्या राहून वाचत होत्या, ओळीखाली बोट धरून. या वेळी मोबाइल माझ्या हातात दिला नाही. एकवीस हजार, आणि पहिले दोन महिने हॉस्टेलमध्ये एक खाट. पंचवीस नव्हते. एकटीनं जावं लागणार होतं, नवरा आणि पोरगी मागून, शाळेचं वर्ष संपल्यावर. एका शब्दाशी त्यांचं बोट थांबलं. प्रोबेशन. मी सांगितलं, तीन महिने काम पाहतील, मग पक्कं करतील.

"पाहू द्या," त्या म्हणाल्या, आणि सासऱ्यांना सांगायला घरी गेल्या.

आमची भिंत एकच आहे, म्हणून मी ऐकलं. वहिनींनी एकवीस सांगितले, खाट सांगितली, पोरगी उन्हाळ्यापर्यंत तुमच्यापाशीच राहील हेही सांगितलं. आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती.

"सकायच्या गाडीनं नको जाऊ," सासरे म्हणाले. "ते जालन्यात लय वेळ थांबते. दुपारच्या गाडीनं जाय."