मुराळ्यांनी मांडलेलं प्रदर्शन

रूपलला एक खोड होती. मनात आलं की ते तोंडातून निघायचंच, आणि तोंडातून निघालं की ते करून दाखवल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. राजस्थानातल्या पालीहून लग्न होऊन ती धुळ्याला, देवपुरात आली, त्याला पाच वर्षं होत आली होती. सासरे निर्मलकुमार यांचं किराण्याचं ठोक दुकान. तिथे दर आठवड्याला कोणी ना कोणी बाई पिशवीत पापड, केळीचे वेफर्स नाहीतर काळा मसाला घेऊन यायची, ताटकळत उभी राहायची आणि नमुना ठेवून निघून जायची. तो नमुना दुकानातली माणसं चहाबरोबर संपवून टाकायची. रूपलला ते बघवत नसे. एकदा जेवताना ती म्हणून गेली, "पापाजी, बायकांनी दुकानोदुकानी का हिंडायचं? एकदा व्यापाऱ्यांनीच त्यांच्याकडे यावं. मी प्रदर्शन भरवते."

निर्मलकुमार हसले नाहीत, हे विशेष. "तू मांड," ते म्हणाले. "धुळ्याचे, जळगावचे ठोक व्यापारी मी आणतो. पण बेटा, ते एकदाच येतील. टेबलं रिकामी दिसली तर पुन्हा माझ्या शब्दाखातरही येणार नाहीत, आणि त्या बायकांना नंतर दारातही उभं करणार नाहीत."

दिवस ठरला अक्षय्य तृतीयेचा. नव्या सौद्याला याहून चांगला मुहूर्त कुठला? त्या दिवशी दिलेला शब्द व्यापारी वर्षभर पाळतात. रूपलने ना सासूला विचारलं ना शेजारणीला. देवपुरातल्या एका शाळेचं मैदान मिळवलं, मांडव सांगितला आणि एसटीने यावल, जामनेर, पारोळा पालथं घातलं. बायकांना तिने नुसती तारीख सांगितली. दोन महिने आधी कॅलेंडर कोण उघडून बघतं? सगळ्या हो म्हणाल्या.

पहिला फोन आला तो धुरपदाबाईचा. धुळ्याजवळच्या खेड्यातली ही बाई उडदाचे पापड असे करायची की तळताना सगळ्या गल्लीला कळावं.

"रूपल, मी काय येवाव नही वं," धुरपदाबाई म्हणाली. "त्या दिनले अखाजी शे. मन्हा भाऊ माले लेवाले येस."

"एक दिवस उशिरा गेलात तर?"

"अखाजीले? बठ्ठ्या बाया माहेरले जातस. तू कोनलेबी इचार."

रूपलने विचारलं, आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं. खानदेशात अक्षय्य तृतीया म्हणजे अखाजी, आणि अखाजी म्हणजे सासुरवाशिणीची दिवाळी. भाऊ मुराळी होऊन बहिणीला न्यायला येतो. मग माहेरी आमरस, खापरावरचे मांडे आणि निंबाला बांधलेला झोका. सासरच्या घराला लेक नव्हती, म्हणून पाच वर्षांत रूपलच्या हे कधी नजरेस पडलं नव्हतं. त्या दिवशी दुकान मांडून बसणारी बाई अख्ख्या खानदेशात सापडली नसती. संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळ्यांचे नकार आले.

सासूबाईंनी, सुगनबाईंनी, कपाळावर हात मारला. "अगं, मला तरी विचारायचंस. चाळीसगावहून माझा भाऊ यायचा न्यायला." दर अखाजीला दुकानात आमरसाची साखर विकूनही निर्मलकुमारांच्या हे ध्यानात आलं नव्हतं. पुरुषांना माहेर कुठे असतं? तारीख बदलायची सोय नव्हती; व्यापाऱ्यांना कळवून झालं होतं.

रूपल खोलीत जाऊन मनसोक्त रडली. प्रदर्शनासाठी रडली आणि थोडी स्वतःसाठीही. आई गेल्यापासून पालीचं घर बंद होतं, भाऊ नव्हता. तिला न्यायला कोणी येणार नव्हतं. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि दुसऱ्या दिवशी पारोळ्याची बस पकडली. बायका ऐकत नाहीत ना, मग मुराळ्यांनाच गाठायचं.

धुरपदाबाईचं माहेर पारोळ्याजवळचं; तिचा धाकटा भाऊ हितेंद्र वावरात होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "ताई, बहीण माहेरले येस ती आराम कराले. तिले मी कामले लावू? बठ्ठं गाव माले हासी."

"तिला कामाला लावूच नका," रूपल म्हणाली. "झोका मी मैदानातल्या निंबाला बांधते. ती झोक्यावर बसेल. दुकानावर तुम्ही बसा."

"मी? पापड इकू?"

"ती वर्षभर लाटते. तुम्ही एक दिवस विकून बघा. तिथून तिला घरी न्या." मग तिचा आवाज जरा उतरला. "हितेंद्रभाऊ, मला न्यायला कोणी येत नाही. ज्यांना कोणी आहे, त्यांची अखाजी मी मोडणार नाही."

हितेंद्रने मोबाइल काढला आणि बाकीच्या मुराळ्यांचे नंबर मागितले.

अखाजीच्या सकाळी मैदानात निंबाच्या प्रत्येक दणकट फांदीला झोका होता. टेबलांमागे नव्या शर्टातले भाऊ अवघडून बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. बहिणी झोक्यांवर गाणी म्हणत होत्या. ती ऐकून देवपुरात माहेरी आलेल्या लेकी धावल्या. शहरात झोका बांधायला झाड उरलंय कुठे? दहा वाजेपर्यंत मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती.

निर्मलकुमार व्यापाऱ्यांना घेऊन आले. जळगावच्या रतिलाल शेठनी पापडाचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि विचारलं, "टिकतो किती?"

हितेंद्रला काय ठाऊक? त्याने वळून हाक मारली, "अक्का, पापड किती टिकस वं?"

"वरीसभर," झोक्यावरून उत्तर आलं. "उडीद मन्हा वावरना शेतस."

रतिलाल शेठना भाव ठरवायचा होता. धुरपदाबाईला त्यांनी खाली उतरायला सांगून पाहिलं. अखाजीला ती कोणासाठी उतरणार? शेवटी शेठच निंबाखाली गेले. झोका वर जाताना तिने भाव सांगायचा, खाली येताना शेठनी घासाघीस करायची. तिचा भाव काही खाली आला नाही. शेठनी वर्षभराचा शब्द दिला आणि घाम पुसला. बघता बघता प्रत्येक झोक्याखाली एकेक व्यापारी मान वर करून उभा राहिला. या बायकांना ताटकळत ठेवणारी हीच मंडळी. रूपलला इतका आनंद झाला की ती एकटीच हसत सुटली.

दुपारी ती माइक घेऊन धावत असताना हितेंद्र निर्मलकुमारांसमोर येऊन उभा राहिला. डोक्यावर टोपी, हातात नारळ. व्यापारी बघत होते.

"आबा," तो म्हणाला, "रूपलताईले लेवाले उनू. मुराळी शे मी तिन्हा."

रूपल जागच्या जागी थांबली. "अहो, पण प्रदर्शन?"

सुगनबाईंनी मागून एक पिशवी पुढे केली. तिचे कपडे भरून आणलेले. "जा," त्या म्हणाल्या. "चार दिवसांनी पाठवा म्हणावं, आधी नको."

रूपलला रडू आवरेना. धुरपदाबाई स्वतः झोक्यावरून उतरली, तिने रूपलला बसवलं आणि हितेंद्रने पहिला झोका दिला.

संध्याकाळी रतिलाल शेठ पुढच्या वर्षाचं विचारायला आयोजकांच्या टेबलाशी आले. तिथे निर्मलकुमार बसले होते.

"आयोजक कुठे आहेत?"

"माहेरी गेल्यात," निर्मलकुमार म्हणाले. "बसा, मी आहे."