चार पायांसाठी

धुरपतानं उभ्या जन्मात मटण घेतलं असेल ते पाहुणा दारात आला तरच. एरवी तिच्या चुलीवर बकऱ्याचे पाय, नाहीतर मुंडी, नाहीतर वजडी. लोहा गावच्या बाजारात माणसं चांगलं चांगलं घेऊन गेली की खाटकाच्या ओट्याखाली जे उरायचं, त्यात ती सहा पोटं भरायची. तुराट्यांच्या जाळावर पायाचे केस जाळायचे, सुरीनं खरडायचे, खुरं ठोकून काढायची, हळद चोळून धुवायचं. वासानं शेजारच्या बाया पदर नाकाला लावायच्या. लावू देत. तिचीच लेकरं धष्टपुष्ट झाली.

यंदा तिचा नवरा रामकिशन गोठ्याच्या पायरीवरून घसरला अन् नडगी मोडून बसला. नांदेडला प्लास्टर झालं. डॉक्टरच्या गोळ्या धुरपता वेळेवर द्यायची, पण मोडल्या हाडाला पायाचा रस्सा लागतो, हे तिच्या सासूनं सांगितलेलं. सासू बाकी बाबतीत खोटी असेल, ह्यात नव्हती.

ती मारोती खाटकाकडं गेली.

"चार पाय दे रे मारोती."

"न्हाईत काकू. बुक हायत."

"बुक? पाय हायत का लग्नाचं कार्यालय?"

"नांदेड रोडच्या ढाबेवाल्यानं सगळे सांगून ठेवलेत. पाया सूप विकून राहिला तो. मुंडी बी त्याचीच, वजडी बी त्याचीच. तुमी ज्या पैशात अख्खी मुंडी न्यायच्या ना, त्यात आता खूर बी येत न्हाई."

"अरे, तुझा बाप फुकट द्यायचा मला. वर म्हणायचा, ने माय, न्हाईतर कुत्रे वढतेत."

"म्हणून तर आमी अजून पत्र्याखाली हाव!"

तीन दिवस ती हेलपाटे घालत राहिली. वाटेत ढाबा दिसायचा. पदर नाकाला लावणाऱ्या बायांचीच पोरं गाडीतून उतरून वाट्या तोंडाला लावत होती. धुरपताचं डोकं फिरायचं.

घरी खाटेवरून रामकिशन विचारायचा, "आणलेस का?"

"बुक हायत म्हणं."

"मग आपण बी बुक करावं की."

"पाय मोडायच्या आधी सांगितलं असतं, तर केलं असतं!"

चौथ्या दिवशी गेली तर मारोती कपाळाला हात लावून बसलेला. ढाबेवाल्यानं पोतंभर पाय माघारी धाडले होते. गिऱ्हाईकाच्या वाटीत केस निघाला होता. धुरपतानं एक पाय उचलला, केसांच्या उलट अंगठा फिरवला. खरखर.

"हे कशानं केलंस?"

"गरम पाणी वतलं अन् दाढीच्या पात्यानं भादरले. जाळत बसायला वेळ कुणाला हाय?"

"मेल्या, नवरदेव हाय का हा? केस वरून गेला, मूळ आत राहिलं. पायाला जाळच लागतो. त्या जाळानंच रश्श्याला चव येती."

मारोती आता काकूकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागला. "तुमी करून देता का?"

"देते. पोत्यामागं चार पाय माझे. पुढचे. अन् निवडणार मी."

"दोन घ्या काकू."

"मग भादर तू." ती पदर झटकून उठली.

"घ्या माय, घ्या चार!"

दुकानामागं तुराट्या पेटल्या. दुपारभर ती धुरात बसून खरडत राहिली. डोळ्यांतून पाणी, हाताला चटके, तोंडानं पुटपुट चालूच: "चार पायांसाठी साऱ्या गावच्या बकऱ्यांचे पाय धरायची वेळ आली."

रात्री उशिरा तिचा रस्सा चुलीवरून उतरला. रामकिशननं पहिला भुरका मारला, जीभ टाळ्याला लावून बघितली.

"मीठ कमी वाटून राहिलं."

धुरपतानं पळी तशीच हातात धरली.

"मग ढाब्यावर जावा. चालत."

रामकिशन खाली मान घालून हाड चोखत बसला, अन् थोड्या वेळानं वाटी पुन्हा पुढं केली.