गोठ्यातला गिलास

"बाई, याच्यातच घ्या चहा. फोटो मस्त येते."

मालगुजारांच्या घरच्या वहिनीसाहेब हे बोलल्या तेव्हा शाळेच्या पटांगणात अख्खं गाव जमलं होतं. त्यांच्या हातात अॅल्युमिनियमचा गिलास. काठाला पोचे गेलेला. समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर माझी माय. आणि माझ्या हातात मोबाईल.

मी फोटो काढला. मायने मान खाली घातली होती, म्हणून परत काढला. म्हटलं, "माय, वर पाह्य न."

हे मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

गाव आमचं नागभीडच्या बाजूचं, धानाचं. जमीनदारीसारखी ती मालगुजारी कधीच गेली, पण त्या घराला लोक अजून मालगुजारांचंच घर म्हणतात. घरची माणसं नागपूरला राहतात. यंदाच्या हिवाळ्यात त्यांनी ठरवलं, गावात वारशाचा कार्यक्रम घ्यायचा. ज्याच्या घरी जे जुनं असेल ते त्यानं आणायचं, मांडायचं, त्याची गोष्ट सांगायची. मी तालुक्याच्या हायस्कूलात इतिहास शिकवते. त्या घरचे आजचे कर्ते अण्णाजी स्वतः माझ्या दारात आले. खुर्चीवर बसले, माझ्या घरचा चहा प्यायले. म्हणाले, "मॅडम, तुमच्याशिवाय हे होत नाही."

मॅडम. त्या घराच्या तोंडून. मी तेवढ्यावर हुरळून गेले. खोटं कशाला बोलू?

त्यांच्या वस्तू पोत्यात भरून आल्या. अडकित्ता, पायली, कंदील, पितळी डबे. तळाशी हा गिलास. वहिनीसाहेब म्हणाल्या, "यावर लिहा, दाईबाईचा गिलास." माझं अक्षर चांगलं आहे. मी झोकात लिहिलं.

गिलास ओळखला नव्हता असं म्हणायची सोय नाही. लहानपणी मायच्या मागे मागे मी त्या घरी जायची. माय गावची दाई. माझ्या आज्यानं चंद्रपूरला जाऊन दीक्षा घेतली, परत आल्यावर देव तलावात टाकले, मेलेलं ढोर ओढणं बंद केलं. बापानं तेच पुढे चालवलं. एकट्या मायचं काम सुटलं नाही. बाप चिडायचा, तर ती म्हणायची, "तिले कळा येऊन राह्यल्या अन् मी काय घरी बसू?"

त्या घरात मायसाठी एक कायदा होता. बाळंतपण झालं की विटाळ. विटाळ आहे तोवर माय थेट आतल्या खोलीत. बाळंतिणीला न्हाऊ घालायची, पोराला तेल लावायची, त्याच खोलीत जेवायची. घरचे लोकच दाराबाहेर उभे. मग पाचवी पुजली जायची, घर सारवलं जायचं, आणि घर शुद्ध झालं की माय पुन्हा गोठ्यात. ज्या पोराला तिनं ओढून जगात आणलं, त्याला शिवायची बंदी. गोठ्याच्या कोनाड्यात हा गिलास पालथा घातलेला. तिनं तो स्वतः उचलायचा, धरायचा. वरून चहा पडायचा. प्यायचा, धुवायचा, परत पालथा घालायचा.

मी हे पाहिलंय. गाईच्या शेणाच्या वासात उभं राहून पाहिलंय. आणि तरी मला वाटलं, चला, निदान मायची आठवण तरी ठेवली या लोकांनी. मीच तिच्या मागे लागले. "माय, चल. सन्मान करणार आहेत तुझा."

तिनं नवं लुगडं नेसलं.

तर त्या दिवशी गिलास मायच्या हातात दिला गेला. वहिनीसाहेबांनी किटली उचलली. चांगली हातभर वर. सासूला तसंच ओतताना पाहिलं असेल, हात आपोआप वर गेला. धार पडली. थोडा चहा मायच्या बोटांवर सांडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मायनं माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली, आणि मी ते वर पाह्य म्हटलं. ती प्याली. सगळा प्याली.

मग अण्णाजी माईकवर आले. बोलत होते ते अगदी मनापासून. "मी याच बाईच्या हातावर जन्मलो. आमच्या घरी कधी भेदभाव नव्हता. पाहा ना, यांच्यासाठी आम्ही खास वेगळा गिलास ठेवला होता."

पुन्हा टाळ्या. आमच्या वस्तीतल्या लोकांनीही वाजवल्या. मी मोबाईल काखेत धरून वाजवल्या. दोन-तीनदा हात एकमेकांवर आपटले आणि मग ते थांबले. माझ्या कानशिलात जाळ झाला. खास! गोठ्याच्या कोनाड्याला खास म्हणतात हे लोक, आणि मी त्यावर टाळी देते आहे.

आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. मी माईकसमोर गेले. कागद उघडलाच नाही.

"हा गिलास गोठ्यात राह्यचा. घरात चालत नव्हता. मायही चालत नव्हती, पाचवी झाली की. यालाच भेदभाव म्हणतात. मी आभार मानणार नाही."

अण्णाजी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, चांगल्या दिवशी हे कशाले काढता?"

"पोत्यातून तुम्हीच काढलं," मी म्हटलं. कुणीतरी माईक बंद केला.

मायला घेऊन निघाले. आत कुठेतरी ताठ वाटत होतं. वाटलं, माय खूश होईल. पाठीवर हात ठेवेल.

माय बोडीच्या, त्या लहान तळ्याच्या, पाळीवर थांबली. लुगड्याच्या पदरानं बोटं पुसली.

"बोलली ते बरं केलं," ती म्हणाली. "पण मी चहा पेल्यावर तू बोलली."

तिनं पदर खोचला.

"गिलास पाह्यला तवा मी तुयाकडे पाह्यलं. वाटलं, माही पोरगी आता काई म्हणन. तू फोटो काढून राह्यली होती."

माईकवर बोलले ते सगळं आधी बोलायला हवं होतं, आणि आधी मी मॅडम होते. माझी लाज वाटते मला. आजही, शाळेत फळ्याकडे तोंड करून उभी असताना मध्येच वाटते.

तो फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. मीच टाकला होता, पटांगणातूनच, अण्णाजी माईकवर येण्याआधी. खाली हात जोडलेली चित्रं, "अनमोल क्षण". मी खाली लिहिलं की हा गिलास काय होता आणि कुठे राहायचा. तासाभरात मला ग्रुपमधून काढलं. फोटो तिथेच आहे. अण्णाजींच्या घरून निरोप आला, पुढच्या वर्षी आपण सगळं विसरून नव्यानं करू. मी निरोप आणणाऱ्यालाच सांगितलं, मी विसरणार नाही आणि येणारही नाही.

आता विहारातल्या बाया म्हणतात, आपल्या वस्तीचा इतिहास आपणच सांगू. बुद्धपौर्णिमेला, विहाराच्या ओट्यावर. मायला मंचावर बसवायचा त्यांचा आग्रह आहे. मी नाही म्हणून सांगितलं. ती तिच्या मनानं आली तर येईल. तिला कुठल्याही खुर्चीवर बसायला मी आता सांगणार नाही.

पहिली मी बोलणार आहे. तू माईकवर काय बोलली ते सांग, असं बाया म्हणतात. त्याला टाळ्या मिळतील हे मला माहीत आहे. ते मी सांगणार नाही. मी त्या फोटोपासून सुरुवात करणार आहे, आणि तो कुणी काढला, वर पाह्य कोण म्हणालं, हे नाव घेऊन सांगणार आहे.