गेट रंगवायची गन

माझ्या भावाला अजून कुणी तोंडावर सांगितलेलं नाही, म्हणून मीच सांगते. द्राक्षबाग फवारली म्हणजे माणूस पेंटर होत नाही!

त्याची बाग कवठे महांकाळकडं. औषध मारून मारून त्याला वाटतं, नळीतून जे जे उडतं ते सगळं आपल्यालाच कळतं. अण्णांची, म्हणजे आमच्या वडलांची, जुनी गाडी घरीच रंगवायची ठरली आणि रंग फवारायची गन घ्यायला आम्ही दोघं कराडला गेलो. अण्णा पलटणीतून पेन्शनीवर आले तेव्हाची ही गाडी. आता त्यांना काही दिसत नाही. तरी रोज सकाळी मऊ फडक्यानं ते तिला पुसतात आणि पुसून झालं की बॉनेटवरून तळवा फिरवतात. रंगाचे पापुद्रे निघायला लागले तेही आधी त्यांच्याच हाताला कळलं. "हिला रंग द्याय पायजे गं," म्हणाले. बापानं एवढंच मागितलं होतं.

दुकानदारानं दोन गन दाखवल्या. एकीची वाटी वर, रंग अगदी बारीक उडवणारी. दुसरीचा डबा खाली, जरा स्वस्त. "ही गेट-ग्रिलला ठीक हाय, गाडीला नका नेऊ," असं तो स्वतः म्हणाला. मी वाटीवाली उचलली. भावानं ती माझ्या हातातून काढून परत ठेवली.

"दिवसाआड फवारतोय मी. मला शिकवतीस व्हय? आन् अण्णास्नी कुठं दिसतंय? लांबनं चमकली म्हंजे झालं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "दिसत न्हाई म्हणून काय बी खपवायचं व्हय रं? उद्या त्यांच्या ताटात खडं वाढशील!" भर दुकानात ओरडले मी. तो हसला. "ताई, लय तापतीस बग तू," म्हणाला आणि डबेवाली घेऊन चालू पडला. बाईनं ओरडायचं आणि बाप्यानं ठरवायचं, ही रीतच आहे मेली!

अंगणात रंगकाम झालं. गन नुसती थुंकत होती. दारं ओघळली, बॉनेटवर रव्यासारखे कण बसले. "वाळलं की बसतंय समदं," म्हणे. बसतंय, कपाळ!

रंग वाळल्यावर सकाळी अण्णा फडकं घेऊन बाहेर आले. भाऊ पुढं झाला, त्यानं हात धरून त्यांना गाडीपाशी नेलं. "हात लावून बगा, अण्णा."

अण्णांनी बॉनेटवर तळवा ठेवला. थोडा पुढं नेला, परत आणला. मग हात काढून घेतला.

"ही कुणाची रं?" त्यांनी विचारलं. "आपली कुठं लावलीया?"

"येतीया, अण्णा," भाऊ कसंबसं म्हणाला.

मी आतून रंग घासायचा पॉलिशपेपर आणला आणि त्याच्या हातात कोंबला. अण्णा फडक्याची घडी मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते, आपली गाडी यायची वाट बघत.